पिशवीवर ‘मृदा सुधारक’ लिहिलंय, पण कायदा काय म्हणतो?

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही रोपवाटिकेत कुंड्यांच्या शेजारी पिशव्यांची एक मांडणी असते. गांडूळखत, निंबोळी पेंड, कोकोपीट, १९:१९:१९ ची पाकिटं, ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क आणि ‘मृदा सुधारक’ किंवा ‘सॉइल कंडिशनर’ असं छापलेल्या चकचकीत पिशव्या. मुरबाड-शहापूरच्या कृषी सेवा केंद्रात हाच माल मोठ्या मापात दिसतो. भिंतीला युरिया, डीएपी आणि सुफलाची थप्पी, काउंटरवर ‘टॉनिक’च्या बाटल्या. घेणाऱ्याला हे सगळं ‘खत’च वाटतं. कायद्याच्या हिशेबात मात्र यातल्या काही मालाची कडक तपासणी होते, काहींची अलीकडे सुरू झाली आहे, आणि काही पिशव्या खतांच्या कायद्याला न शिवता थेट आपल्या हातात येतात. फसवणूक सर्वांत जास्त या शेवटच्या गटात होऊ शकते. म्हणून हे गट वेगळे ओळखता आले पाहिजेत, मग तुमची जमीन अर्धा एकर असो की गॅलरीतल्या चार कुंड्या.

खतावर सरकारची इतकी नजर का, याचं कारण साधं आहे. भाजी घेताना आपण ती दाबून, वास घेऊन घेतो. खताचं तसं होत नाही. दाण्यात नत्र (नायट्रोजन) किती आणि माती किती हे डोळ्यांना दिसत नाही, आणि चूक कळते तेव्हा लावणी होऊन महिना उलटलेला असतो. भाताला पुन्हा तो महिना मिळत नाही. त्यामुळे १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली खतांसाठी वेगळा आदेश काढण्यात आला. पहिला १९५७ चा, आणि आज लागू आहे तो खत नियंत्रण आदेश, १९८५. त्यात पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण गाभा तोच राहिला.

हा आदेश याद्यांवर चालतो. जे खत यादीत आहे आणि यादीतल्या मापात बसतं तेच विकता येतं. या याद्यांना अनुसूची म्हणतात. पहिल्या अनुसूचीत रासायनिक खतं आहेत. युरिया घ्या. त्यात नत्र किमान ४६ टक्के हवं, ओलावा १ टक्क्याच्या आत आणि बाययुरेट दीड टक्क्याच्या आत हवं. बाययुरेट हा युरिया तयार होताना होणारा उपपदार्थ, तो वाढला तर पिकाला इजा होते. डीएपीत, म्हणजे डाय-अमोनियम फॉस्फेटमध्ये, नत्र १८ आणि स्फुरद (फॉस्फरस) ४६ टक्के. पिशवीवरचे १८:४६:० हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश (पोटॅश) यांची टक्केवारी. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या सुफलावर १५:१५:१५ असतं त्याचा अर्थही हाच. तिसऱ्या अनुसूचीत रायझोबियम, अझोटोबॅक्टरसारखी जिवाणू खतं, चौथीत गांडूळखत आणि शहरी कंपोस्टसारखी सेंद्रिय खतं, पाचवीत निंबोळी पेंडीसारख्या अखाद्य पेंडी आणि सहावीत जैव उत्तेजकं (बायोस्टिम्युलंट), त्यांच्याबद्दल पुढे. जिवाणू खतांत तर जिवंत जिवाणूंची संख्यासुद्धा ठरलेली आहे. भुकटीच्या रूपातल्या रायझोबियममध्ये ग्रॅममागे किमान ५ कोटी. म्हणूनच त्या पाकिटावर मुदत संपण्याची तारीख लागते. उन्हात तापलेल्या टपरीतलं, मुदत उलटलेलं पाकीट घेतलं तर आपण नुसती भुकटी विकत घेतलेली असते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जैव उत्तेजकं सोडली तर बाकीच्या खतांबाबत कायदा हमी देतो ती पिशवीतल्या घटकांची. पीक किती वाढेल याची हमी तो देत नाही. ४६ टक्के लिहिलं तर ४६ टक्के निघालं पाहिजे, एवढंच. ते तुमच्या जमिनीला हवं होतं का, हे माती परीक्षण सांगतं. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब (कार्बन), मुख्य आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून १२ बाबी तपासतात. ती पत्रिका न बघता घेतलेलं शंभर टक्के प्रमाणित खतही वाया जाऊ शकतं.

विक्रीची साखळीही बांधलेली आहे. कंपनी ज्या विक्रेत्याला माल देते त्याला ‘ओ’ नमुन्यातलं उगम प्रमाणपत्र देते, म्हणजे हा माल आमचाच, आम्हीच याला दिला. ते जोडून दुकानदार कृषी विभागाकडून विक्रीची परवानगी घेतो. दुकानात साठा आणि दर यांचा फलक दिसेल असा लावायचा आणि पक्की पावती द्यायची, हे त्याच्यावर बंधनकारक आहे. मागितली तर द्यायची, असं नाही. द्यायचीच.

पोतं फोडून सुटं खत विकता येतं का? शहरातल्या बागप्रेमींना हा प्रश्न हमखास पडतो, कारण रोपवाटिकेत नाव नसलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत पांढरे दाणे मिळतात. आदेशात याची मोजकी सवलत आहे. किरकोळ विक्रेत्याला प्रत्येक प्रकारच्या खताचं एक पोतं उघडं ठेवून त्यातून सुटी विक्री करता येते. म्हणजे परवानाधारक दुकानदाराने समोरच्या छापील पोत्यातून दोन किलो काढून दिलं, पावती दिली, तर ते नियमात आहे. कुठून आलं ते माहीत नसलेलं, आधीच बांधून ठेवलेलं पुडकं मात्र या सवलतीत बसत नाही. ते घेऊ नका.

दरांकडेही बघू. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं आणि डीएपीचं ५० किलोचं १,३५० ला, कारण उरलेला खर्च केंद्र सरकार अनुदान म्हणून भरतं. २०१८ पासून दुकानातल्या पॉस मशीनवर विक्रीची नोंद झाल्यावरच कंपनीला ते अनुदान मिळतं, म्हणून आधार आणि अंगठा मागतात. ऑक्टोबर २०२२ पासून ही अनुदानित खतं ‘भारत युरिया’, ‘भारत डीएपी’ अशा एकाच नावाने येतात, कंपनी कुठलीही असो. एवढं स्वस्त पोतं कारखान्यांकडे वळण्याची भीती कायम असते. प्लायवूडच्या गोंदापासून इतर अनेक उद्योगांना युरिया लागतो. शेतीचं खत दुसऱ्या कामाला वापरायला आदेशात मनाई आहे. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबोळी तेलाचा थर देतात, त्यामागचं एक कारण हेच.

स्वस्त पोत्याच्या आडून चालणारा दुसरा प्रकार म्हणजे लिंकिंग. “युरिया आहे, पण सोबत ही बाटली घ्यावी लागेल.” खरिपाच्या तोंडावर, पाऊस लागलेला असताना हे वाक्य ऐकलेला शेतकरी ठाणे जिल्ह्यातही सापडेल आणि विदर्भातही. हा प्रकार मला सर्वांत संतापजनक वाटतो, कारण अडचणीची वेळ हेरून तो केला जातो. दुकानदाराला असा आग्रह धरायचा काहीही अधिकार नाही. अनेकदा त्याच्यावरही वरून तसाच दबाव आलेला असतो, हे खरं, पण त्याचा भुर्दंड शेवटी भात लावणाऱ्याच्या खिशाला बसतो. अशा वेळी दोन्ही वस्तूंची वेगवेगळी पावती मागा आणि ती घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे जा. तोंडी तक्रारीपेक्षा कागदाचं वजन फार असतं.

आता नमुन्याचा प्रवास. कायद्याचा खरा जोर इथेच कळतो. कृषी विभागाचे गुणवत्ता नियंत्रण निरीक्षक दुकानात, गोदामात किंवा कारखान्यात येऊन नमुना काढतात. न उघडलेल्या पोत्यांत नळीसारखी टोकदार सळई तिरकी घालून वेगवेगळ्या थरांतला माल काढतात, एकत्र कालवतात आणि त्याचे तीन सारखे भाग करून सीलबंद करतात. एक भाग प्रयोगशाळेत जातो, एक ज्याच्याकडून नमुना घेतला त्याच्याकडे राहतो आणि एक वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जपून ठेवतात. पुढे वाद झाला तर हा तिसरा भाग कामाला येतो. केंद्राची मुख्य खत प्रयोगशाळा हरियाणात फरीदाबादला आहे आणि तिच्या प्रादेशिक शाखांपैकी एक आपल्या नवी मुंबईत आहे.

नमुना मापात बसला नाही तर तो ‘अप्रमाणित’ ठरतो. मग विक्री बंद आदेश निघतो, परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली खटला उभा राहू शकतो. त्यात तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कागदावर हे कडक आहे. दुबळी जागा आहे ती वेळेची. नमुना जाईपर्यंत, अहवाल येईपर्यंत पोतं विकलं जाऊन खाचरात पडलेलं असू शकतं. शिवाय या आदेशात शेतकऱ्याला नुकसानभरपाई देण्याची तरतूद नाही, तो शिक्षेचा कायदा आहे. भरपाई हवी तर ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. बियाण्यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केलं की विशेष कायदा असला तरी शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते. ठाण्यातही जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तुमच्या हातात पावती, रिकामं पोतं किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो, आणि कृषी अधिकाऱ्याने केलेला पिकाचा पंचनामा असायला हवा.

घरी थोडीफार परीक्षा करता येते. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि ते पाणी हाताला गार लागतं. तापल्या तव्यावर तो वितळतो, मागे काही उरत नाही. डीएपीचे दाणे तळहातावर चुन्यासोबत चोळले की नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो. तव्यावर ते फुगतात. वास आला नाही, दाणा मातीसारखा कुस्करला गेला, तर संशय घ्यायला जागा आहे. या चाचण्यांनी बनावट माल पकडला जातो. टक्केवारीतली चोरी पकडायला प्रयोगशाळाच लागते.

इथपर्यंत रस्ता सरळ आहे. गुंता सुरू होतो तो टॉनिक आणि मृदा सुधारकांपाशी.

वर्षानुवर्षं बाजारात अशी हजारो उत्पादनं होती जी खतही नव्हती आणि कीटकनाशकही नव्हती. ह्युमिक ॲसिड, अमिनो ॲसिड, समुद्री शेवाळाचे अर्क, वनस्पतींचे अर्क. खत नव्हतं म्हणून १९८५ चा आदेश लागू होत नव्हता, कीटकनाशक नव्हतं म्हणून १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू होत नव्हता. बाटलीत काय आहे हे बनवणारा सांगेल तेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने ही फट बुजवायला घेतली आणि जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आणली. त्यांची व्याख्या अशी, की पोषक घटक किती आहेत याचा संबंध न ठेवता जे झाडाच्या अंतर्गत क्रियांना चालना देतं, अन्नद्रव्यं घेण्याची ताकद किंवा ताण सोसण्याची क्षमता वाढवतं ते जैव उत्तेजक. इथे कायदा एक पाऊल पुढे गेला. नुसते घटक सांगून चालत नाही, शेतातल्या चाचण्यांचे निष्कर्ष आणि विषारीपणाच्या तपासण्याही द्याव्या लागतात. मगच ते उत्पादन सहाव्या अनुसूचीत येतं.

आणखी एक अट फार मोलाची आहे. जैव उत्तेजकात कीटकनाशकाचा अंश दहा लाख भागांत ०.०१ भागापेक्षा जास्त असता कामा नये. ही अट का लागते? ‘सेंद्रिय टॉनिक’ फवारलं आणि दोन दिवसांत किडी मेल्या किंवा पीक ताडकन उभं राहिलं, तर बाटलीत न सांगितलेलं कीटकनाशक किंवा वाढ संप्रेरक असण्याची शक्यता बरीच असते. शहापूर-मुरबाडकडे भेंडी परदेशी पाठवणारे शेतकरी आहेत. अशा एका बाटलीने मालात औषधाचा अंश सापडला तर अख्खी खेप नाकारली जाऊ शकते, आणि आपण काय फवारलं हे त्या शेतकऱ्याला सांगतासुद्धा येत नाही.

जुन्या उत्पादनांना तात्पुरत्या नोंदणीवर विक्री चालू ठेवायची मुभा होती. मुदतवाढी मिळत गेल्या आणि १६ जून २०२५ ला ती मुभा संपली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जे सांगितलं ते वाचून धक्का बसतो. कित्येक वर्षं सुमारे ३०,००० उत्पादनं बेलगाम विकली जात होती, नंतरच्या चार वर्षांतही ८,००० च्या आसपास फिरत होती, आणि तपासणी कडक केल्यावर ती ६५० च्या घरात आली. म्हणजे जी गळली त्यांच्यामागे नियमात बसणारा पुरावा मांडलाच गेला नव्हता. त्यांचे पैसे मात्र लोकांनी मोजले होते.

मग ‘मृदा सुधारक’ कुठे बसतं? खत नियंत्रण आदेशात त्या नावाचा सरसकट सगळ्यांना सामावणारा वर्ग नाही. पिशवीत ह्युमिक असेल तर ती जैव उत्तेजकाच्या नियमात आली पाहिजे. कंपोस्ट असेल तर सेंद्रिय खताच्या नियमात. कोकोपीट, परलाइट ही झाडाला आधार देणारी आणि पाणी धरणारी माध्यमं आहेत, ती खत म्हणून विकली जात नाहीत तोवर प्रश्न नाही. त्यांच्यावर वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता छापायचे वजनमापाचे नियम लागतातच. शंका घ्यायची ती या पिशवीवर, जिच्यावर ‘उत्पन्न दुप्पट’, ‘सर्व पिकांसाठी’, ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असं सगळं आहे, पण घटकांची टक्केवारी नाही, उत्पादनाचा परवाना क्रमांक नाही, बॅच नाही. मृदा सुधारक हे नाव तिथे नियमांतून निसटण्यासाठी घेतलेलं असू शकतं. विक्रेत्याला सरळ विचारा, हे कोणत्या अनुसूचीतलं आहे? उत्तर आलं नाही तर पिशवी परत ठेवा.

शिवाय मातीला सुधारायचं म्हणजे नक्की काय बिघडलं आहे, हे आधी कळायला हवं. ठाणे जिल्ह्याच्या आतल्या भागातली तांबडी माती मुळात आम्लधर्मी आहे. तिची आम्लता कमी करायला चुना लागतो, जिप्समने ती जात नाही. खाडीकाठच्या खार जमिनीचं दुखणं वेगळं, तिथे बांध धरून पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन काढणं महत्त्वाचं. पनवेलला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र आहे, त्यांचा सल्ला दुकानातल्या पिशवीवरच्या मजकुरापेक्षा नक्कीच भरवशाचा. या दोन्ही जमिनींना एकच ‘सुधारक’ चालतो असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

शेवटी सोसायट्यांच्या कंपोस्टबद्दल, कारण ऐरोलीपासून खारघरपर्यंत आणि ठाण्यात वर्तकनगरपासून कासारवडवलीपर्यंत हा प्रश्न घरोघरी आला आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक म्हटलं आणि ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायला सांगितलं. खत तयार होऊ लागलं, आणि समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच, “पाच-पाच किलोच्या पिशव्या करून विकूया की.”

तुमच्या बागेत घालायला, सभासदांना फुकट वाटायला खताच्या परवान्याची गरज नाही. विक्रीचा धंदा सुरू केला की सेंद्रिय खत उत्पादनाचं प्रमाणपत्र लागतं आणि चौथ्या अनुसूचीतली मापं लागू होतात. शहरी कंपोस्टसाठी ती अशी: ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, सामू ६.५ ते ७.५, कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी, आणि जड धातूंच्या मर्यादा. किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, पारा तर अवघा ०.१५. पाऱ्याची मर्यादा इतकी बारीक आहे की कचऱ्यात फुटकी ट्यूबलाइट किंवा जुनी बटणसेल गेली तर ढीग वाया जाऊ शकतो. वर्गीकरणाचा आग्रह धरतात तो उगीच नाही.

स्वयंपाकघरातला वेगळा केलेला कचरा जड धातूंत सहसा अडकत नाही. तो अडकतो मिठात आणि कच्चेपणात. उरलेल्या भाजी-आमटीतलं मीठ खतात साठतं आणि क्षारता वाढते. कच्चेपणाचं कारण बहुधा ‘२४ तासांत खत’ म्हणून विकलं जाणारं यंत्र. ते कचरा तापवून, दळून, वाळवून देतं. हाताला कोरडा, तपकिरी भुगा लागतो, वास नसतो, म्हणून खत झाल्यासारखं वाटतं. पण जिवाणूंनी कुजवण्याचं काम त्यात झालेलंच नसतं. तो भुगा कुंडीत घालून पाणी दिलं की कुजणं तिथे सुरू होतं. कर्ब-नत्र गुणोत्तर जास्त असेल तर जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात आणि झाड पिवळं पडतं. लोक म्हणतात, कंपोस्टने झाड मेलं. उपाय सोपा आहे. यंत्रातून निघालेला भुगा सुक्या पानांसोबत ओलसर ठेवून, अधूनमधून वरखाली करत काही आठवडे मुरू द्यायचा. ढिगाची उष्णता निवली आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा मातीचा वास आला की तो वापरायचा. सोसायटीने वर्षातून एकदा खताचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि अहवाल सूचनाफलकावर लावावा, असं मला मनापासून वाटतं. त्यात सर्वांत आधी क्षारता आणि कर्ब-नत्र गुणोत्तर हे दोन आकडे बघा.

विकायचंच असेल तर एकट्या सोसायटीने प्रमाणपत्राच्या मागे लागण्यापेक्षा महापालिकेशी बोलणं बरं. राज्यातल्या नागरी संस्थांचं कंपोस्ट तपासणीत उतरलं तर ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकता येतं. तुमचं खत त्या व्यवस्थेत घेतात का, हे प्रभाग कार्यालयाच्या घनकचरा विभागात विचारा, आणि जाताना प्रयोगशाळेचा अहवाल सोबत न्या.